तपासणीचे ३०० रुपये आणि बिल १८,४००

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. म्हापशातल्या एका दवाखान्यात तुमच्या लॅब्राडॉरवर गोचीड तापाचे उपचार झाले, बिल १८,४०० रुपये. फोंड्याला तुमच्या मेहुण्याच्या कुत्र्याला 'तोच' ताप आला होता, तो २,२०० रुपयांत बरा झाला. ब्रिटनमध्ये असलेली तुमची भाची म्हणते की तिकडे तर पशुवैद्यकांच्या बिलांची सरकारी चौकशी लागली. तेव्हा तुम्ही विचारता: आम्हाला लुटतात का? आणि यापुढे विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर?

मी गोव्यात बरीच वर्षं प्रॅक्टिस करतोय. आधी गाई-म्हशी, आता बहुतेक कुत्री-मांजरं. माझा स्वतःचा दवाखाना आहे, म्हणजे या प्रश्नात माझेही हितसंबंध आहेत, हे धरूनच पुढचं वाचा.

आधी ती तुलना बाजूला ठेवू या. गोचीड ताप हा एकच आजार नाही. गोचीड चावल्यावर कुत्र्याच्या रक्तात एर्लिकिया नावाचा जंतू जाऊ शकतो, बबेसिया नावाचा दुसरा जाऊ शकतो, कधी दोन्ही. बबेसियाच्याही जाती वेगळ्या. नुसता एर्लिकिया असेल आणि वेळेवर सापडला असेल, तर डॉक्सिसायक्लिनचा २८ दिवसांचा कोर्स पुरतो. ते माणसांचंच जुनं आणि स्वस्त औषध आहे, जनऔषधी केंद्रातही मिळतं. पण बबेसिया गिब्सोनाय ही जात निघाली, तर नेहमीच्या इंजेक्शनांना ती नीट दाद देत नाही. मग अटोव्हाक्वोन आणि अझिथ्रोमायसिन ही जोडी द्यावी लागते, आणि त्यातलं पहिलं औषध चांगलंच महाग आहे. प्लेटलेट घसरल्या, नाकातून रक्त येऊ लागलं, हिमोग्लोबिन तळाला गेलं, की रक्त चढवायची वेळ येते. कुत्र्यांसाठी माणसांसारखी रक्तपेढी हाताशी नसते. ओळखीतला एखादा धडधाकट मोठा कुत्रा दाता म्हणून शोधायचा, त्याचं रक्त तपासायचं, ते जुळतं का बघायचं आणि मग रात्रभर शेजारी बसून चढवायचं. याचं बिल २,२०० होऊच शकत नाही. उलट तुमच्या मेहुण्याच्या कुत्र्याला पहिल्याच आठवड्यात नेलं असेल आणि नशिबाने साधा एर्लिकिया असेल, तर त्याचं २,२०० हे अगदी रास्त बिल आहे. दोघंही डॉक्टर प्रामाणिक असू शकतात.

तरी तुम्ही बिलातल्या बाबी लिहून पाठवल्या आहेत, त्या मी दोनदा वाचल्या. तपासणी ३००. रक्ताच्या तपासण्या, तीन वेळा, ४,२००. टेस्ट किट १,८००. चार दिवसांची सलाईन-इंजेक्शनं ६,५००. औषधं ३,६००. टॉनिक आणि लिव्हरचं सिरप २,०००. रक्त तीनदा तपासणं मला खटकत नाही, प्लेटलेट वर जातात की खाली ते पाहावंच लागतं. मला खटकतो तो पहिला आकडा. चार दिवस ज्या माणसाने तुमच्या कुत्र्याविषयी निर्णय घेतले, त्याच्या डोक्याची किंमत बिलात ३०० रुपये लावली आहे. टॉनिकची किंमत त्याच्या सहापटीहून जास्त आहे.

माझ्या मते सगळा घोळ इथे आहे. गोव्यात, आणि गोव्याबाहेरही, पशुवैद्यक स्वतःच्या ज्ञानाचे पैसे मागायला लाजतो आणि मालकही ते द्यायला कुरकुरतो. म्हणून पैसे वस्तूंतून निघतात. सुई, बाटली, सिरप, पट्टा, खाण्याचं पाकीट. या लाजेपोटी लोकांचा संशय वाढतो, कारण विकणाऱ्यावर संशय घ्यायची सवय आपल्याला बाजारानेच लावली आहे.

हे एकाएकी झालेलं नाही. वाळपईच्या बाजूला गाई बघायला जायचो, तेव्हाची गोष्ट सांगतो. जास्त दूध देणारी संकरित गाय व्याली, की दुसऱ्या दिवशी कधी कधी ती बसूनच राहते. मान वळवलेली, कान गार. रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं असतं, त्याला मिल्क फीवर म्हणतात, ताप मात्र नसतोच. शिरेतून कॅल्शियम सोडलं, की तासाभरात गाय उठून उभी राहते. शेतकरी खूश. पैसे देताना तो बाटलीकडे बोट दाखवून विचारतो, ही केवढ्याची? बाटली स्वस्तच असते. पण ती किती हळू सोडायची, कानाला स्टेथोस्कोप लावून हृदयाचे ठोके ऐकत केव्हा थांबायचं, हे ज्याला कळत नाही त्याच्या हातून तीच बाटली गाय मारते. घाईने सोडलेल्या कॅल्शियमने हृदय बंद पडतं. शेतकऱ्याने पैसे दिले बाटलीचे, वाचवलं त्या ऐकण्याने. ऐकण्याचे वेगळे पैसे मागायची रीत आमच्यात पडलीच नाही. कोणी नारळ दिले, कोणी चवथीला भाजी पाठवली. प्रेम होतं, नाही असं नाही. पण त्यावर दवाखान्याचं भाडं निघत नाही.

पुढे शहरात दवाखाने आले, कुत्री-मांजरं आली, तरी सवय तीच राहिली. एखादं कुत्रं सकाळी एकदा ओकलेलं असतं, बाकी शेपूट हलवत उभं. मी पोट चाचपतो, हिरड्या बघतो, ताप बघतो आणि सांगतो: आज उपाशी ठेवा, पाणी थोडं थोडं द्या, उद्या भात-दही, परत ओकलं तर लगेच या. पाचशे रुपये. त्यावर मला अनेकदा ऐकावं लागतं, "दोतोर, सुय मारूंक ना, मागीर पयशे कसले?" आता त्याच माणसाला मी सुई टोचली असती, सोबत एक सिरप दिलं असतं आणि बाराशे घेतले असते, तर तो समाधानाने घरी गेला असता. हे प्रत्येक पशुवैद्यकाला पहिल्या वर्षातच कळतं. काहीजण त्यानंतर सुई मारू लागतात.

आणि सुईत काय असतं? खाजेने हैराण झालेल्या कुत्र्याला स्टेरॉइड दिलं की रात्रीत खाज थांबते, डॉक्टर देवमाणूस ठरतो. गोचीड, पिसवा, बुरशी की ॲलर्जी, हे शोधायला वेळ आणि त्वचेचं खरवडून केलेलं परीक्षण लागतं, त्याला कोणी पैसे देत नाही. स्टेरॉइड योग्य जागी उत्तम औषध आहे. प्रश्न असा की योग्य जागा शोधण्याचा खर्च कोण करणार. लॅबला रुग्ण पाठवल्याबद्दल कट घेणं, कंपनीचं ठरावीक खाद्यच खपवणं, हेही त्याच घराण्यातलं. कट घेणारे आहेत. मी नाही घेत, पण 'आमच्यात असं काही नसतं' असं म्हणण्याइतका निर्लज्जही नाही.

आता दुसरी बाजूही बघा, कारण महाग ते सगळं फसवं असंही नाही. रात्री दहाला गर्भाशयात पू झालेली कुत्री येते, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबता येत नाही. भुलेचं औषध, नळी, ऑक्सिजन, मॉनिटर, मदतीला दोन माणसं. केटामाइनसारख्या औषधाच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवावा लागतो. एक्स-रे यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. जनावरांवरच्या उपचारांना जीएसटी माफ आहे, मालकासाठी ते चांगलंच, पण त्यामुळे यंत्रं घेताना आम्ही भरलेला जीएसटी आम्हाला परत मिळत नाही, तो बिलातच मुरतो. घोणस चावलेल्या कुत्र्याला प्रतिविषाच्या किती कुप्या लागतील हे आधी सांगता येत नाही. ती माणसांसाठी बनलेलीच कुपी असते, कुत्र्यासाठी सवलतीची वेगळी नाही.

या खर्चाने गोव्यातल्या माणसाला जरा जास्तच धक्का बसतो, त्याला कारण आहे. घरातलं माणूस आजारी पडलं की आपण बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे सरकारी गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात नेतो. गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा ही विमा योजना २०१६ पासून आहे, तिच्यात लहान कुटुंबाला अडीच लाखांपर्यंत आणि चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत वर्षाचं संरक्षण मिळतं. त्यामुळे शस्त्रक्रियेला खरोखर किती खर्च येतो, हा आकडा कित्येकांनी कधी पाहिलेलाच नसतो. आयुष्यातलं पहिलं संपूर्ण वैद्यकीय बिल हातात पडतं ते कुत्र्याचं. मग 'माणसापेक्षा कुत्र्याचं बिल जास्त' असं वाटतं. जास्त नसतं. माणसाचं बिल दुसऱ्या कोणीतरी भरलेलं असतं.

फुकट सेवेचा असाच एक परिणाम रेबीजच्या बाबतीत दिसतो. गोव्यात २०१४ पासून मिशन रेबीज ही संस्था आणि सरकार मिळून वाड्यावाड्यांत जाऊन कुत्र्यांना लस टोचताहेत, जाळी घेऊन धावणारी ती माणसं आणि लस दिल्याची खूण म्हणून कुत्र्याच्या डोक्यावर लावलेला रंग तुम्ही पाहिलाच असेल. ७० टक्के कुत्र्यांपर्यंत पोचायचं हे त्यांचं गणित. २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. पशुवैद्यकांवर लोकांनी टाकलेला एवढा मोठा विश्वास मी दुसऱ्या कशात पाहिला नाही. अनोळखी माणूस अंगणात शिरतो आणि लोक स्वतः कुत्रा धरून देतात! पण त्याच लोकांपैकी काही मला विचारतात, ते फुकट देतात, तुम्ही का पैसे घेता? कारण तो खर्च सरकार आणि देणगीदार करतात, लस फुकट बनत नाही. सरकारी पशुचिकित्सालयातही तेच. तिथे केसपेपर नाममात्र पैशांत होतो आणि पशुसंवर्धन खात्याचे डॉक्टर गाईगुरांसाठी गावात येतात. दूध विकून घर चालवणाऱ्याला हा आधार हवाच, त्याच्याकडून बाजारभावाने फी घेणं मला पटणारही नाही. गाईच्या उपचाराचा खर्च गाईच्या किमतीपुढे मोजला जातो. तुमच्या लॅब्राडॉरचं तसं नाही.

भाचीने सांगितलं ते खरं आहे, पण तिथली दुखणी वेगळी आहेत. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने, म्हणजे कॉम्पिटिशन अँड मार्केट्स ऑथॉरिटीने, सप्टेंबर २०२३ मध्ये या धंद्याचा आढावा सुरू केला. त्यांच्याकडे सुमारे ५६,००० प्रतिसाद आले. २०१३ मध्ये तिथले दहा टक्के दवाखाने बड्या समूहांच्या ताब्यात होते, दहा वर्षांत ते प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास गेलं. बाहेरची पाटी जुन्या डॉक्टरांचीच राहिली, मालक बदलले, ग्राहकाला कळलंच नाही. ऑक्टोबर २०२५ च्या तात्पुरत्या निर्णयात त्यांनी म्हटलं की बड्या समूहांकडे लोकांना स्वतंत्र दवाखान्यांपेक्षा सरासरी १६.६ टक्के जास्त मोजावे लागतात. उपाय म्हणून सुचवलं ते असं: दरपत्रक जाहीर करा, मालक कोण ते सांगा, औषधाची चिठ्ठी लिहून द्यायची फी १६ पौंडांच्या वर नको. जर्मनीत वेगळीच रीत आहे. तिथे पशुवैद्यकांचे दर कायद्यानेच ठरतात. प्रत्येक कामाचा मूळ दर, आणि परिस्थिती पाहून त्याच्या तिपटीपर्यंत आकारणी, रात्री-अपरात्री चौपटीपर्यंत. मूळ दरापेक्षा कमी घ्यायलाही सहसा परवानगी नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात ते दर वाढले तेव्हा तिथेही ओरड झालीच. पण निदान ज्ञानाला दर आहे हे तिथे कागदावर लिहिलेलं आहे.

आपल्याकडे खाजगी पशुवैद्यकाची फी सरकार ठरवत नाही. त्यामुळे किनाऱ्याकडच्या महागड्या आसगाव-शिवोलीच्या बाजूचा दर आणि आतल्या शिरोड्याचा दर यांत फरक पडणार. आसगावकडचं भाडं ऐकून मलाच घाम फुटतो. जागेप्रमाणे भाव असायला माझी हरकत नाही, तोंड बघून भाव असायला आहे. दिल्लीहून येऊन राहिलेल्या बाईंना एक आकडा, गावच्या भाटकाराला, म्हणजे जमीनदाराला दुसरा, रशियनाला तिसरा, हे चालतं आणि ते सगळ्यांना माहीत असतं. ज्याला कमी आकडा मिळतो तोही मनातून धास्तावतो, उद्या आपल्याला कुठल्या रांगेत बसवतील म्हणून. गरिबाला सवलत जरूर द्यावी, मी देतो. पण बिलावर पूर्ण रक्कम लिहून खाली सवलत वजा करून दाखवावी. मोलमजुरी करणाऱ्यालाही कळू दे की खर्च किती होता आणि सोडले किती.

रस्त्यावर गाडीने उडवलेल्या कुत्र्याला घेऊन येणाऱ्यांचा विषय मी इथे काढत नाही. तो काढला तर उत्तर संपणार नाही.

तर तुम्ही काय करायचं? दवाखान्यात शिरताना विश्वास किंवा अविश्वास यांपैकी काहीच नेऊ नका, प्रश्न न्या. कुठलीही तपासणी सांगितली की विचारा: हिचा निकाल असा आला तर काय कराल आणि तसा आला तर काय? दोन्ही उत्तरं एकच असतील तर ती तपासणी तूर्त टाळता येते. कुत्रं ऍडमिट करताना लेखी अंदाज मागा, कमीत कमी इतकं आणि जास्तीत जास्त इतकं, आणि त्यापुढे जाण्याआधी फोन करा असं सांगून ठेवा. प्रामाणिक डॉक्टरला याचा राग येत नाही, उलट रात्री अकराला कोणाला विचारू हा त्याचा प्रश्न सुटतो. पैसे कमी असतील तर तेही पहिल्याच मिनिटाला सांगा. दहा हजारांत काय होईल आणि तीन हजारांत काय, असे दोन रस्ते बहुतेक आजारांत काढता येतात. पण तीनच्या रस्त्याने निघून अर्ध्या वाटेवर दहाच्या रस्त्यावर यायचं ठरलं, तर तेरा जातात.

औषधाची चिठ्ठी मागा. स्वतःच्या रुग्णाला औषध द्यायची डॉक्टरला मुभा आहे, ते त्याच्याकडूनच घ्यायची सक्ती तुमच्यावर नाही. डॉक्सिसायक्लिनसारखी औषधं बाहेर स्वस्त पडतात. फक्त डोस स्वतः ठरवू नका. मांजराला पॅरासिटामॉल जिवावर बेततं, कुत्र्याला आयब्युप्रोफेनने पोटात रक्तस्राव होतो. फार्मसीवाल्याला हे माहीत असेलच असं नाही. टॉनिक आणि लिव्हर सिरप यांबद्दल मात्र बिनधास्त विचारा, हे नाही दिलं तर काय होईल? बहुतेक वेळा उत्तर येईल, काही नाही.

आणि उपचार करणारा खरोखर पशुवैद्यक आहे का, तेही बघा. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ प्रमाणे नोंदणी असलेल्यालाच प्रॅक्टिस करता येते. साडेपाच वर्षांची पदवी, त्यानंतर राज्य परिषदेकडे नोंदणी, आणि नोंदणी क्रमांक. तो चिठ्ठीवर नसेल तर विचारा. कुत्र्यांचे केस कापणारे, प्रशिक्षक आणि दुकानदार हल्ली लसही टोचतात, तिथे स्वस्तात काम होतं आणि लस फ्रिजबाहेर किती वेळ राहिली होती हे कोणीच सांगू शकत नाही. नोंदणी असलेल्या डॉक्टरविरुद्ध गैरवर्तनाची तक्रार राज्य पशुवैद्यक परिषदेकडे करता येते, निष्काळजीपणाने नुकसान झालं असं वाटत असेल तर ग्राहक आयोग आहे. केवळ बिल मोठं आलं म्हणून मात्र कुठेच दाद लागणार नाही. म्हणून आधी विचारायचं.

तुमच्या बिलाबद्दल माझं मत विचारलंत, तर १८,४०० पैकी १४,००० च्या आसपास मला समजण्यासारखे वाटतात. टॉनिकचे २,००० नाही. उरलेल्यांतलं सांगायला मला केसपेपर बघावा लागेल, तो तुम्ही मागून घ्या, तुमचाच आहे. त्या डॉक्टरांनी १,५०० रुपये फी लावली असती आणि टॉनिक गाळलं असतं, तर तुम्ही मला हा प्रश्न विचारला असता का, याचा जरूर विचार करा.

दवाखाना लगेच बदलू नका. कुत्र्याची प्लेटलेट कुठून कुठे आली हे त्यांना ठाऊक आहे, नवा डॉक्टर पहिल्यापासून सगळ्या तपासण्या सांगेल. डॉक्सिसायक्लिन चालू आहे म्हणता, तर २८ दिवस पूर्ण करा, कुत्रं पाचव्या दिवशी उड्या मारू लागलं तरी. गोळी रिकाम्या पोटी नको, खाण्याबरोबर द्या. कोर्स संपला की रक्ताची एक साधी तपासणी करून घ्या, किट परत लावायची गरज नाही, त्यात जुना आजारही बराच काळ पॉझिटिव्ह दाखवतो. आणि घराभोवतीच्या गडग्याच्या भेगा, कुत्र्याची झोपायची जागा, गाडीचं मागचं सीट इथले गोचीड आत्ताच मारा.